लारीवर क्यूआर आला, लारीवाल्याची पत आली का?

नीलांबरी_दांडियाबाजार | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

खारीवाव रोडला आमच्या कोपऱ्यावर सेव-उसळची एक लारी, म्हणजे हातगाडी, आहे. काका मूळचे दाहोदकडचे, वीस-बावीस वर्षं तिथेच उभे राहतात. पाच-सहा वर्षांपूर्वी लारीवर क्यूआर लागला, मग पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा तो बोलका डबा आला. संध्याकाळी गर्दीच्या वेळी डबा थांबतच नाही. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. बँकेची पायरी चढायला बिचकणारा माणूस आता बँकेच्या आत आला, असं वाटायचं.

मागच्या आठवड्यात लारीची चाकं आणि पत्रा बदलायला, मोठं पातेलं घ्यायला त्यांना १५,००० लागले. त्यांनी ते डायरीवाल्याकडून, म्हणजे रोज हप्ता वसूल करणाऱ्या सावकाराकडून, घेतले. हातात आले १३,५००. आता रोज १५० रुपये द्यायचे, १०० दिवस. मी विचारलं, बँकेतून का नाही घेतले? तर म्हणाले, "बेन, बँक अमने क्यां ओळखे छे?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. दिवसाला शंभरेक व्यवहार बँकेच्या यंत्रातून जातात आणि तरी बँक ओळखत नाही? मोबाईलमुळे गरिबाला बँकेचं दार उघडलं असं आपण सगळेच म्हणतो. मग त्या दारातून नक्की काय आत गेलं आणि काय बाहेर आलं? तुमच्या आसपास काय दिसतं ते लिहा. बडोद्याबाहेरच्यांनीही लिहा.

जुना_लेजर | सोमवार, रात्री १०:२५

ताई, चांगला विषय काढलात. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ छोटा उदेपूरच्या बाजूला. काकांचं म्हणणं खरं आहे, पण आधी काय होतं तेही सांगायला हवं.

मी नोकरीला लागलो तेव्हा खातं उघडायचं तर आधीच्या एखाद्या खातेदाराने ओळख म्हणून सही करावी लागायची. डोंगरातला राठवा आदिवासी मजूर असा खातेदार कुठून आणणार? पोरगा मकरपुऱ्याच्या कारखान्यात, आई गावात. पैसे पाठवायचे तर मनीऑर्डर. दर वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे हजाराला पन्नास. शिवाय पोस्टमन गावात येईल तेव्हा. आज तोच पोरगा जेवणाच्या सुट्टीत फोनवरून पाठवतो, कमिशन शून्य. ज्याने ते पन्नास रुपये कधी मोजले नाहीत त्याला ही गोष्ट छोटी वाटेल.

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं. आम्ही शाळेच्या ओसरीत टेबल टाकून बसलो होतो, अंधार पडेपर्यंत रांग हटली नाही. देशभरात त्या एका दिवसात दीड कोटी खाती उघडली. आज ती ५६ कोटींच्या वर आहेत, निम्म्याहून जास्त बायकांची. जागतिक बँकेची फिंडेक्स म्हणून पाहणी असते. तिच्यात २०११ साली भारतातल्या शंभर प्रौढांपैकी ३५ जणांचं खातं होतं. २०२४ ला ८९.

आता दुसरी बाजू. त्याच पाहणीच्या २०२१ च्या फेरीत भारतातली ३५ टक्के खाती वर्षभर नुसती पडून होती. ना जमा, ना नावे. मला त्याचं नवल वाटलं नाही. आम्ही खातं उघडलं, पासबुक हातात दिलं आणि पुढच्या गावाला गेलो. नंतर त्या माणसाजवळ कोणी बसलंच नाही.

सूरसागर_पाळ | सोमवार, रात्री १०:५०

लेजरकाकांचा मान ठेवून सांगतो, आपण दोन गोष्टींची गल्लत करतोय. पैसे पाठवता येणं वेगळं आणि अडीनडीला पैसे मिळणं वेगळं. गरिबाला चार गोष्टी लागतात. पैसा सुरक्षित ठेवता यावा, पाठवता यावा, गरजेला उसना मिळावा आणि घरात आजारपण आलं तर सगळं वाहून जाऊ नये. यूपीआयने यातली पाठवायची गोष्ट सोडवली आणि फार सुंदर सोडवली. बाकीच्या तीन जिथल्या तिथे आहेत. काका डायरीवाल्याकडे गेले ते म्हणूनच.

पोळातली_पोर | सोमवार, रात्री ११:०५

माझा भाचा, वय साडेतीन, दुकान-दुकान खेळतो. मी खोटे पैसे पुढे केले तर घेईना. तोंडाने "पचास रुपये प्राप्त हुए" म्हणाला आणि मगच भाजी दिली. :)

कोड_आणि_कढी | सोमवार, रात्री ११:३०

@पोळातली_पोर, त्याला आत्ताच नोकरीला घेतो.

सूरसागर, तुमची चौकट पटली, निष्कर्ष अर्धाच पटला. यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला आलं, सामान्यांच्या फोनवर पोचलं त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला गेला. नुसता आकडा सांगायचा नाहीये. या प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते, आणि छोट्या माणसाच्या धंद्याची नोंद याआधी कधी कुठेच राहत नव्हती. सावकार कशावर पैसे द्यायचा? सोन्यावर, जमिनीवर, नाहीतर तोंडओळखीवर. बँकेला विवरणपत्र आणि तारण लागायचं. लारीवाल्याकडे यातलं काहीच नाही. आता त्याच्याकडे रोजच्या आवकीचा कागद आहे.

हा कागद बँकेपर्यंत न्यायची वाटही आहे. अकाउंट अ‍ॅग्रीगेटर नावाची सोय सप्टेंबर २०२१ पासून चालू आहे. खातेदाराने संमती दिली की त्याची नोंद एका बँकेतून कर्ज देणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे थेट जाते. झेरॉक्स नाही, शिक्के नाहीत. म्हणून मला प्रश्न पडलाय की काकांची सहा वर्षांची आवक दिसत असताना त्यांना बँक का ओळखत नाही? कुठेतरी दोरा तुटलाय. ताई, क्यूआर कोणत्या खात्याला जोडलाय ते जरा विचाराल?

नीलांबरी_दांडियाबाजार | मंगळवार, सकाळी ७:१५

विचारते. आज संध्याकाळी जातेच आहे.

नैरोबीत_बडोदेकर | मंगळवार, सकाळी ११:२०

मी प्रतापनगरचा, गेली अकरा वर्षं नैरोबीत. या विषयावर इथून लिहायलाच हवं, कारण सगळं जग ज्याचं उदाहरण देतं ते एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, इथलं. (पेसा म्हणजे आपला पैसाच. स्वाहिलीत तो शब्द समुद्रावरून आला.)

सुरुवात मजेशीर आहे. २००५ मध्ये थिका वगैरे भागांत एक प्रयोग केला होता तो छोट्या कर्जाचे हप्ते फोनवरून फेडता यावेत म्हणून. लोकांनी ती सोय एकमेकांना पैसे पाठवायलाच जास्त वापरली. फोन कंपनीच्या लक्षात आलं की लोकांची खरी नड ही आहे. मार्च २००७ मध्ये सेवा त्याच स्वरूपात आली. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, साधा बटणांचा फोन. कोपऱ्यावरचा दुकानदार एजंट. त्याला रोख द्यायची, तो तुमच्या नंबरावर तेवढे पैसे चढवतो. गावाकडची आजी तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून रोख घेते. बँक कुठे लागतच नाही.

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोघा अर्थतज्ज्ञांनी याचा बरीच वर्षं अभ्यास केला. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचं लेखन आलं. एम-पेसामुळे केनियातली १,९४,००० कुटुंबं, म्हणजे साधारण दोन टक्के, गरिबीतून वर आली, आणि जवळपास १,८५,००० बायकांनी फक्त शेतीवर अवलंबून राहणं सोडून छोटा धंदा धरला. मला यातलं कारण महत्त्वाचं वाटतं. पाऊस गेला किंवा घरात कोणी आजारी पडलं तर दूरच्या भावाकडून, मामाकडून त्याच दिवशी पैसे येतात. त्यामुळे बी-बियाणं विकावं लागत नाही, पोराची शाळा सुटत नाही. सूरसागर, तुमची चौथी गोष्ट इथे पैसे पाठवण्याच्या सोयीनेच थोडीफार सोडवली. पाठवणं आणि संकटातून तगणं ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

उसने मिळण्याचं सांगतो. २०१२ च्या शेवटी इथे एम-श्वारी आलं. फोनवरच बचत आणि फोनवरच कर्ज, ३० दिवसांसाठी, साडेसात टक्के फी.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १:१०

साडेसात टक्के महिन्याला, म्हणजे वर्षाचे ९०. नाव फी असलं तरी हिशेब व्याजाचाच.

आणि ताईंच्या काकांचा हिशेब ऐका. हातात १३,५००, फेड १५,०००. वरवर दीड हजारच जास्त. पण रोज १५० परत जातात, म्हणजे शंभर दिवसांत सरासरी पावणेसात हजारच त्यांच्याकडे राहिले. पावणेसात हजारांवर शंभर दिवसांचे दीड हजार, म्हणजे २२ टक्के. वर्षाचे धरले तर ८१.

डायरीवाला ८१ आणि फोन ९०. यंत्र आलं म्हणून व्याज उतरत नाही, हे लक्षात घ्या.

नैरोबीत_बडोदेकर | मंगळवार, दुपारी १:४५

हिशेब बरोबर आहे, आणि इथे लोक चिडतातही त्यावर. फक्त एक जोडतो. रात्री दोन वाजता पोराला दवाखान्यात न्यायचं असेल तर फोन लगेच देतो. डायरीवाला उठून दार उघडेल का? गरजू माणूस दर नाही बघत, वेळ बघतो. दर बघायचं काम सरकारचं आणि नियंत्रकाचं.

पादरा_रोड | मंगळवार, दुपारी ३:३०

मी पादऱ्याजवळच्या सात गावांत बचत गटांचं काम बघते. बायकांच्या बाजूने थोडं लिहिते.

खातं बाईच्या नावावर. फोन नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. ओटीपी त्याच्या फोनवर. म्हणजे पैसे तिचे आणि किल्ली त्याची. २०२० च्या टाळेबंदीत बायकांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले. देशात २० कोटी बायकांना मिळाले. माझ्या गावांतल्या कितीतरी जणींना महिनाभर कळलंच नाही की पैसे आलेत. मी घरोघर जाऊन सांगत होते.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. बँक एखाद्या गावातल्या माणसाला मशीन देते, तो बँकमित्र. आधार आणि अंगठ्यावर पैसे काढता येतात. नऊ किलोमीटर चालायचं वाचतं, हे खरंच मोठं आहे. पण तंबाखूच्या शेतात आयुष्य काढलेल्या बाईचा अंगठा मशीन ओळखत नाही. रेषा झिजल्यात. मी स्वतः एका आजीचे दहाही बोटं पुसून पुसून लावून बघितली आहेत. अकराव्यांदा लागला. ती म्हणाली, "माझा हात माझा नाही म्हणते ही डबी." आणि एके ठिकाणचा बँकमित्र दरवेळी वीस रुपये कापून घ्यायचा, पावती न देता. गटातल्या चौघी मिळून बँकेत गेल्या तेव्हा थांबलं.

फोनला नावं ठेवायची नाहीत मला. दुधाचा पगार थेट बाईच्या खात्यावर यायला लागला, तिथे फरक पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय. रोख होती तेव्हा मंडळीतून, म्हणजे गावच्या दूध संस्थेतून, येणाऱ्या माणसाच्या खिशातून घरी किती पोचेल याचा नेम नव्हता. आता ती पासबुक भरून घेते आणि आकडा पाठ असतो तिला. पण ज्या गटात आधी भिशी होती, वही होती, दर महिन्याला एकत्र बसायची सवय होती, तिथेच हे रुजलं. १९७४ मध्ये अहमदाबादेत चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून सेवा बँक काढली तेव्हा कुठे फोन होता? इलाबेन भट्ट आणि त्यांच्या सोबतिणींनी निरक्षर बाईच्या पासबुकावर तिचा फोटो लावला, आणि बँकेला तिची ओळख पटली.

मांडवीकर | मंगळवार, दुपारी ४:०५

"पैसे तिचे आणि किल्ली त्याची." लिहून ठेवतो हे.

गल्लीतला_इतिहास | मंगळवार, सायंकाळी ६:००

थोडं विषयांतर, पण बडोद्याच्या धाग्यावर हे नाही लिहिलं तर चुटपुट लागेल. भारतातली पहिली म्हणता येईल अशी परस्पर मदतीची पतसंस्था आपल्या बडोद्यात निघाली. 'अन्योन्य सहकारी मंडळी', साल १८८९. पुढाकार विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांचा. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. कायदा नाही, अनुदान नाही. एकमेकांना ओळखणारी मराठी माणसं, थोडी-थोडी बचत आणि नडीला कर्ज. नावच बघा, अन्योन्य.

आणि २० जुलै १९०८ ला सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०६ ला, त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. मला या दोन सालांची जवळीक नेहमी जाणवते. बँक आहे आणि वाचता येत नाही, तर बँकेचा उपयोग कोणाला?

सूरसागर_पाळ | मंगळवार, सायंकाळी ६:४०

वा. आणि आज वाचता येणं म्हणजे फोनच्या पडद्यावरच्या तीन ओळी वाचता येणं. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, एवढं एक वाक्य प्रत्येकाला पाठ असतं तर निम्म्या फसवणुका झाल्या नसत्या.

नीलांबरी_दांडियाबाजार | मंगळवार, रात्री ९:२०

जाऊन आले. कोड_आणि_कढी, तुमचा दोरा सापडला.

क्यूआर काकांच्या नावावर नाहीच! तो पुतण्याच्या खात्याला जोडलेला आहे. क्यूआर लावणारा मुलगा आला तेव्हा काकांकडे स्मार्टफोन नव्हता आणि पुतण्या तिथे उभा होता. त्यानेच आपला नंबर दिला. पुतण्या चांगला आहे, रोज रात्री हिशेब करून काकांच्या हातात रोख देतो, एक पैसा इकडचा तिकडे नाही. पण सहा वर्षं लारीची सगळी आवक त्याच्या नावावर गेली. काकांचं जनधन खातं आहे, त्यात शेवटची जमा गॅस अनुदानाची. बँकेच्या दृष्टीने ते धंदाच करत नाहीत.

मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते.

कोड_आणि_कढी | मंगळवार, रात्री ९:४५

अरे देवा. वीस वर्षं लारीवर उभं कोण आणि नोंद कोणाची.

पादरा_रोड | मंगळवार, रात्री १०:००

ताई, ही एकट्या काकांची गोष्ट नाही. माझ्याकडच्या पापड करणाऱ्या तीन जणींचे क्यूआर त्यांच्या मुलांच्या नावावर आहेत. आज तुमचं वाचून मी यादी करायला घेतली आहे.

वाघोडिया_बायपास | मंगळवार, रात्री ११:५०

हे लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं. माझ्या धाकट्या भावाची गोष्ट आहे.

कंपनीत कंत्राटावर होता, पगार दोन महिने अडकला. फोनवर जाहिरात आली, पाच मिनिटांत कर्ज. पाच हजार मागितले, ३,१०० खात्यात आले, सात दिवसांनी पाच हजार भरायचे. अ‍ॅप टाकताना त्याने सगळ्या परवानग्या दिल्या, कोण वाचतो त्या? आठव्या दिवशी आमच्या आईला फोन. मग त्याच्या मुकादमाला. मग वहिनीच्या माहेरी. त्याचा फोटो घाणेरड्या चित्राला जोडून सगळ्या ओळखीच्यांना पाठवला. एक फेडायला दुसरं अ‍ॅप, दुसरं फेडायला तिसरं. दीड महिन्यात ६८,००० झाले. एका रात्री तो घरातून निघून गेला होता, विश्वामित्रीच्या पुलावर सापडला. आम्ही वेळेवर पोचलो.

आता बरा आहे, कामाला जातो. पण घरात अजून कोणाचा फोन वाजला की आई दचकते. म्हणून कोणी "फोनवर कर्ज सोपं झालं" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

जुना_लेजर | बुधवार, सकाळी ६:३०

तुम्ही लिहिलंत, फार चांगलं केलंत. भावाला माझा आशीर्वाद सांगा.

इतरांसाठी नियम लिहून ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात अशी ११०० च्या आसपास अ‍ॅपं मोजली, त्यातली ६०० बेकायदा निघाली. सप्टेंबर २०२२ पासून नियम असा की कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, वर्षाचा एकूण खर्च किती टक्के पडतो ते एका पानावर आधी द्यायला हवं, आणि फोनमधली नंबरांची यादी, फोटो यांना हात लावता येत नाही. अ‍ॅपमागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे ते नाव दिसलं नाही तर तिथेच थांबायचं. फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येतात, दुसऱ्या दिवशी कठीण.

पोळातली_पोर | बुधवार, सकाळी ८:१०

@वाघोडिया_बायपास, तुम्ही आणि तुमची आई, दोघांनाही धीर. काही लागलं तर व्यक्तिगत निरोप टाका. मी रावपुऱ्यात आहे.

विश्वामित्री_काठ | बुधवार, सकाळी ९:००

आणखी एक बाजू. ऑगस्ट २०२४ चा पूर आठवतो ना? आमच्या सोसायटीत पहिला मजला पाण्यात. वीज नाही, टॉवर बंद, फोन मेले. खात्यात पैसे असून दुधाची पिशवी घेता येईना. समोरच्या पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, किराणावाल्याने उंबऱ्यावर बसून तीन दिवस वहीवर माल दिला. कोणाकडून किती ते पेन्सिलने लिहिलं. पाणी उतरल्यावर सगळ्यांनी फेडलं, बहुतेकांनी यूपीआयनेच. तेव्हापासून मी घरात दोन हजारांच्या सुट्या नोटा डब्यात ठेवते आणि त्या किराणावाल्याला सोडून मॉलमध्ये जात नाही.

मांडवीकर | बुधवार, सकाळी १०:१५

एक व्यवहारी मुद्दा. काकांचा क्यूआर त्यांच्या नावावर केला तर कराची नोटीस येईल ही भीती खूप लारीवाल्यांना आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयची आवक बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून "फक्त रोख"च्या पाट्या लावल्या. ते व्हिडिओ इथेही फिरले.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ११:००

मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख, सेवांसाठी २० लाख. खाऊच्या धंद्याला २० धरून चाला. काकांची दिवसाची विक्री अडीच हजार धरली आणि वर्षाचे ३०० दिवस, तरी साडेसात लाख होतात. मर्यादेच्या निम्म्यातही नाही. भीती खरी आहे, पण त्यांच्यासाठी गैरलागू आहे. आकडा कागदावर मांडून दाखवा त्यांना.

सूरसागर_पाळ | बुधवार, दुपारी १२:२०

मग पुढची पायरी सांगतो, या कामात माझी दोन वर्षं गेलीत. पीएम स्वनिधी. १ जून २०२० ला फेरीवाल्यांसाठी सुरू झाली, तेव्हा पहिलं कर्ज १०,००० होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये बदल झाला. आता पहिलं १५,०००, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००. तारण नाही. मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवलीय. काकांना लागले होते बरोबर १५,०००!

लागतं काय, तर महानगरपालिकेचं फेरीवाल्याचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र, स्वतःच्या नावाचं खातं, आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर. दहापैकी सहा जण या शेवटच्या गोष्टीत अडकतात. नंबर जुना, हरवलेला, नाहीतर दुसऱ्याचा. आधी तो बदलून घ्या, बाकीचं नंतर.

नैरोबीत_बडोदेकर | बुधवार, दुपारी १:००

सूरसागर, परवा तुम्ही म्हणालात बाकीच्या तीन गोष्टी जिथल्या तिथे आहेत. :)

सूरसागर_पाळ | बुधवार, दुपारी १:१५

अजूनही तेच म्हणतो. योजना २०२० पासून आहे, काका खारीवाव रोडवर त्याच्याही आधीपासून आहेत, आणि दोघांची भेट आज, नीलांबरीताई उसळ खायला गेल्या म्हणून.

नीलांबरी_दांडियाबाजार | शनिवार, रात्री १०:३०

चार दिवस गायब होते, कारण धावपळ चालली होती.

आधारचा नंबर खरंच जुना निघाला, २०१३ चा, ते सिम कधीच बंद पडलंय. गुरुवारी सकाळी काकांबरोबर आधार केंद्रात गेले. अंगठा तिसऱ्या खेपेला लागला (पादरा_रोड, तुमची आजी आठवली). नवा नंबर काकांच्या स्वतःच्या फोनचा दिला. पुतण्यानेच आपला जुना स्मार्टफोन त्यांना दिला, काहीही न मागता. शुक्रवारी जनधन खातं चालू करून घेतलं, त्याला दोन तास गेले. काउंटरवरची मुलगी चांगली होती, तिने काकांना बसायला खुर्ची दिली.

हिशेबनीसांचा साडेसात लाखांचा हिशेब मी कागदावर लिहून नेला होता. काकांनी तो घडी करून खिशात ठेवला.

आज संध्याकाळी नवा क्यूआर लागला. पहिले चाळीस रुपये माझेच. डब्याने रक्कम सांगितली तेव्हा काका हातातला झारा तसाच धरून फोनकडे बघत होते, पडद्यावर त्यांचं नाव आलं होतं. मग म्हणाले, "आ मारा?" मी म्हटलं, हो काका, तुमचेच.

डायरीचे अजून ८९ दिवस बाकी आहेत. ते भरणारच म्हणतात, शब्द दिलाय. स्वनिधीचा अर्ज सोमवारी. सूरसागर, शिफारसपत्रासाठी लारीचा फोटो लागतो का, आणि वॉर्ड ऑफिसात किती वाजता गेलं तर माणूस भेटतो?

सूरसागर_पाळ | शनिवार, रात्री १०:५०

फोटो न्याच, लारी आणि काका दोघं दिसतील असा. मागे कोपऱ्याची पाटी आली तर उत्तम. अकराच्या आधी जाऊ नका. मी सोमवारी मोकळा आहे, खंडेराव मार्केटच्या दरवाजापाशी भेटू. काकांना म्हणावं चष्मा आणि पासबुक दोन्ही घेऊन या.

पादरा_रोड | शनिवार, रात्री ११:१०

माझी यादी झाली. सात गावांत ११ जणींचे क्यूआर दुसऱ्याच्या नावावर. सोमवारी तिकडचं झालं की काय-काय कागद लागले ते इथे लिहा, मंगळवारी मी पहिल्या तिघींना घेऊन निघते.